पासंग

कर्बी स्टीफनच्या टोकाला, गुरांच्या बाजारामागे,
डाउसनच्या शेडमध्ये आम्ही दोन हिवाळे
एक लँड रोव्हर उघडून बसलो होतो.
आधी ती डोंगरात अडकलेल्यांना खाली आणायची.
मागे स्ट्रेचरचे रूळ तसेच होते,
आणि कितीही पुसलं तरी कोपऱ्यात
आयोडीनचा वास.

डाउसनने हातोडीच्या टोकाने चॅसी ठोकून पाहिली,
कलिंगड वाजवून घ्यावं तशी.
टण्ण. टण्ण. मग भद्द.
'इथे तुमचे पैसे जाणार,' तो म्हणाला.
गेले.

अच्युतने तीस वर्षं माणसांचे एक्स-रे काढले.
आता गाडीखाली उताणा पडून टॉर्च फिरवायचा
आणि बाहेर येऊन खालच्या आवाजात सांगायचा,
नातेवाइकांना सांगतात तसं,
मागचा आडवा बीम काही वाचत नाही.

मी प्लायवूड कापलं. बारा मिलिमीटर.
ओट्याची उंची माझ्या कोपराला मापून घेतली,
आयुष्यात पहिल्यांदा ओटा माझ्या मापाचा.
पलंग त्या रुळांवरच बसवला.
ओढला की अंथरूण, ढकलला की बैठक.
यावरून उतरवलेल्यांपैकी किती जण घरी पोचले,
हे डाउसनला ठाऊक असणार.
मी विचारलं नाही.

मग सामान येत राहिलं.
दुसरी बॅटरी, डिझेलचा हीटर, नव्वद लिटरची टाकी,
छतावर घडीचा तंबू, वाळूत चाकाखाली घालायच्या पट्ट्या,
माझा कुकर,
दोन जादा चाकं, कारण एक जादा म्हणजे एकच,
आणि पुढे बंपरवर विंच, अच्युतचा लाडका,
ज्याने आजवर फक्त
डाउसनचं गवत कापायचं यंत्र खड्ड्यातून ओढलं होतं.
जायचं कुठे, ते ठरत नव्हतं.
तो कझाकस्तान म्हणायचा, मी आधी सीट शिवू दे म्हणायचे.

दाराच्या कडेला पत्र्यावर ठोकलेला आकडा होता.
तीन हजार पन्नास किलो. याच्या वर नाही.

मार्चमध्ये एका मंगळवारी
मेंढ्यांच्या ट्रकांमागे रांगेत उभे राहिलो.
खिडकीत ब्रेंडा आयर्टन, हातात चहा.
आम्ही खाली उतरून बाजूला उभे राहिलो,
पोरगी दाखवायला आणल्यासारखे.
तीन हजार एकशे वीस.

तिथेच डांबरावर उतरवाउतरव सुरू झाली.
विंच निघाला. चाळीस.
अच्युतने तोंड फिरवलं.
एक चाक निघालं. तीस.
कुकरकडे त्याने पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं,
कुकर राहिला.
रुळांचा विषय दोघांनीही काढला नाही.

पुन्हा काट्यावर. तीन हजार पन्नास. बरोब्बर.
अच्युतने माझ्या हातावर टाळी दिली,
मागचा मेंढीवाला सुद्धा हॉर्न वाजवून गेला.
ब्रेंडाने पावती फाडली, बारा पौंड,
आणि चष्म्यावरून विचारलं,
'आणि तुम्ही दोघं काय, चालत जाणार?'

तासगावच्या दुकानात बाबा
रोज सकाळी आधी रिकामा तराजू उचलून बघायचे.
कुठलं पारडं झुकतंय, किती,
मग हलक्या बाजूला एखादा चिंचोका.
पासंग काढल्याशिवाय तोललेलं सगळं खोटं, म्हणायचे.
त्यांच्या पोरीने दोन वर्षं
स्क्रूसुद्धा वजन करून लावला होता.

आत बसलो. पट्टे लावले.
काटा थरथरला आणि थांबला,
तीन हजार एकशे ऐंशी.
इतकी वर्षं सोबत राहून
आम्हाला एकत्र कुणी तोललं नव्हतं.

बाजाराच्या गटाराशी नेऊन टाकीची तोटी सोडली.
नव्वद लिटर, मेंढ्यांच्या खुरांमधून, निवांत वाहत गेलं.
'पाणी काय, मिळेल वाटेत,' अच्युत म्हणाला,
जो कालपर्यंत गाळणीचीही जादा गाळणी घेत होता.

राहिले चाळीस.
रात्री शेडमध्ये दिवा लावून
तो माझ्या पिशव्या उचलून बघतो,
मी त्याच्या.