रूम टोन

मे महिना. गांजाखेतात भर दुपारी
कूलर बंद करायला सांगणारा माणूस मीच.
आवाज नको म्हणून.
घरातले माझ्याकडे असे बघतात
जणू मी नळ कापायला आलोय.

टेबलावर फोटो. दातेरी कडा,
मागे शिसपेन्सिलीनं एक आकडा, जो साल असू शकतो
किंवा स्टुडिओचा पावती नंबर.
दोन मुली. मागे रंगवलेलं तळं, तळ्यात हंस,
हंसाच्या मानेवर पडद्याची सुरकुती.

"ही कोण?" निरंजना विचारते.
तुळसाबाई हेडाऊ, वय एक्याऐंशी, चष्मा पुसतात.
"हे सखू. माही बहीण."
मग बऱ्याच वेळानं, "नाई, हे मी होय. सखू ते दुसरी."
धाकटा भाऊ दारातून म्हणतो, सखू तर त्याच्या आधीच गेली.
"मंग दोघीबी मीच असन,"
आणि स्वतःच हसतात.

कॅमेरा सतरा मिनिटं फोटोवरून हलत नाही.
निरंजनाचं म्हणणं, बघत राहिलं की फोटो उघडतो.
मला तर तो मिटताना दिसला.
फ्रॉक स्टुडिओचे निघाले. गळ्यातलंही.
चपला तेवढ्या घरच्या,
त्या चौकटीबाहेर राहिल्या.

डावीकडच्या मुलीचा हात पुसट.
त्या क्षणी तो कुठेतरी निघाला होता.
"माय उभी होती तिकडं," तुळसाबाई बोट दाखवतात
नेमकं जिथे मी बूम धरून उभा,
"डोये वटारून. हालू नोको म्हणे."
मी मागे वळून पाहिलं.

शेवटी मी तीस सेकंद कुणालाच बोलू देत नाही.
नुसत्या खोलीचा आवाज लागतो,
नंतर तुटलेल्या जागा सांधायला.
हेडफोनमध्ये कूलरच्या टाकीत एक थेंब.
गल्लीतला उरलेला हातमाग,
खट्, आणि बराच वेळ काही नाही.
सहा जणांचा श्वास, असं मी वहीत लिहिलं,
न मोजता.

सव्विसाव्या सेकंदाला तुळसाबाई,
"झालं का बाप्पा? आता तरी लाव कूलर."

निरंजनानं ते कापलं.
तिथे आता काळा पडदा आहे
आणि माझे पंचवीस सेकंद,
दोनदा, एकाला एक जोडून.
जोड ऐकू येत नाही. ते माझं काम.

कापलेला तुकडा माझ्या डिस्कवर आहे.
नाव द्यायचं राहिलं.
नुसता एक आकडा,
जो तारीख असू शकतो.