खात्री

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, टपरीच्या बाकावर
निकालाची झेरॉक्स पसरते. वारा पानं ओढतो,
म्हणून वर चहाचा ग्लास:
पान तीनशे अकरा, पान तीनशे बारा.

जनू गिरप, धंदा मासेमारी, वय अंदाजे तीस.
तीस डिसेंबर बेचाळीस, मध्यरात्रीचा सुमार.
दिवाबंदी असताना किनाऱ्यावर कंदील हलवला,
भरतीच्या पाण्यात होडी लोटायच्या बेतात होता,
शत्रूच्या जहाजाला खूण करत होता
अशी सरकारची खात्री आहे.

आणि न्यायमूर्ती, तिघेही, एकमताने:
खात्री आहे असं सरकार म्हणतं, तेवढं पुरे.
कशावरून, हे युद्धकाळात
आम्ही विचारायचं नसतं.

शब्द मोजले मी. सहा हजार चारशे.
'साम्राज्य' एकोणीस वेळा.
'जनू' दोनदा, त्यात एकदा 'जानू'.

वाचनालयात त्या सालचं पंचांग मिळालं, कसर लागलेलं.
मार्गशीर्ष वद्य अष्टमी.
पुढचा हिशेब शेवंताबाईंचा, जनूच्या पुतणीचा,
बांगडे निवडता निवडता, मान वर न करता:
"तिथीची पाऊणपट कर. आठाचे सा.
साक भरती, मगे बारांक सुकती.
होडी काय खडपार लोटतलो?
दिवो घेवन कुर्ल्यो धरूक गेल्लो तो."

कायद्याच्या दोन पदव्या माझ्या.
पाणी तपासायचं कुणी शिकवलं नव्हतं.

भीती खोटी नव्हती, हेही लिहायला हवं.
त्या वर्षी काळोखातला प्रत्येक ठिपका
कुणाला तरी तोफेसारखा दिसला असेल.
मी त्या खुर्चीत असते, तर विचारलं असतं?
या वाक्यापाशी लेख आठवडाभर अडून आहे.

संपादकांचं पत्र: पंचांग ग्राह्य पुरावा कसं धरायचं?
शेवंताबाईंचा प्रश्न सोपा:
"मगे आता सोडतले त्येका?"

सव्वीस महिन्यांनी सोडलं होतं, बाई,
निकालाने नव्हे, लढाई संपत आली म्हणून.
तो जाऊनही आता पन्नास पावसाळे झाले.
सुटलेलं नाही ते पान तीनशे बारा.
गेल्या साली कुणाच्या तरी अर्जावर
सरकारी वकिलाने तेच वाचून दाखवलं,
अडखळत, 'गिराप' म्हणत.

ग्लास रिकामा. आज सप्तमी.
साताची पाऊणपट, सव्वापाच.
घड्याळात पाचला दहा कमी आहेत.
मी बसून राहते,
पाणी धक्क्याच्या कितव्या पायरीपर्यंत येतं
त्याची खात्री करून घ्यायला.