शहाण्णव किलोमीटर, सरळ रेषेत

सांब्र्याच्या विमानतळावर
चौदा वर्षं ट्रॉल्या ओढतोय मी, शट्टुप्पा गुंजीकर.
एकात एक घुसवून वीस-वीसची आगगाडी करतो
आणि ढकलत नेतो उन्हातून.
माझी ट्रॉली कुठल्याच गावाला पोचलेली नाही,
दारापासून दारापर्यंत, बस्स.

पोरगी, रेणुका, तिकडं उजळाईवाडीला काउंटरवर बसते.
लोकांच्या पेट्या तोलते.
परवा रात्री फोनवर म्हणाली,
बा, संगणकात घालून बघितलं.
तुझ्या विमानतळापासनं माझ्या विमानतळापर्यंत
शहाण्णव किलोमीटर, सरळ रेषेत.
हवेत तेरा मिनिटं.

तेरा मिनिटांत तुझ्या आईचा चहा पण होत नाही गं.
मग विमान कितीला?

हसली.
विमान नाही बा.
अंतर आहे नुसतं.

जायचंच तर आधी बेंगळूर,
तिथं खुर्चीत चार तास,
मग तिथून उलटं वर कोल्हापूर.
म्हणजे शेजारी मीठ मागायला
यल्लम्माचा डोंगर चढून जायचं.

मागल्या साली ट्रेनिंगहून परतताना ती तशीच गेली,
दुपारी पावणेतीनला, माझ्या डोक्यावरून.
सांगून ठेवलं होतं तिनं,
म्हणून ट्रॉल्या सोडून कुंपणाशी उभा राहिलो.
एक चकाकता ठिपका. आवाज मागनं आला.

वरनं सगळं दिसलं म्हणे:
मार्कंडेयचं वळण, संकेश्वरची हिरण्यकेशी,
निपाणीकडली तंबाखूची शेतं,
आणि कोगनोळीचा नाका,
काचेवर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकला.
रेघ दिसली काय?
कसली रेघ?
राज्याची.
नाही बा. ऊस होता. दोन्हीकडं तसलाच.

बसनं म्हणाल तर तीन तास,
रस्ता खणलेला असला तर चार.
आणि कधी पाटीवरच्या अक्षरांना कुणी काळं फासलं
की तास मोजायचेच नाहीत.
तसल्याच एका दिवशी इकडची गाडी नाक्याच्या अलीकडं थांबली,
तिकडची पलीकडं.
मधल्या वाटेनं लोक चालत निघाले, बोचकी डोक्यावर.
त्यात आमची मलप्रभा,
हातात मांड्यांचा डबा.

मांडे बेळगावच्या माणसाला काय सांगायचे,
फुंकर लागली तरी तडकतात.
चार पावलांत हिचा श्वास फुलला.
मागनं इकडच्याच गाडीचा कंडक्टर आला,
अव्वा, डब्बी कोड्री, म्हणाला,
आणि खाकी छातीशी डबा आडवा धरून,
पाण्यानं भरलेली परात न्यावी तसा,
तिकडच्या गाडीपर्यंत चालत गेला.
सीटवर ठेवला.
नाव सांगितलं नाही, हिनंही विचारलं नाही.
परत फिरला आपल्या गाडीकडं.

सात होते. दोन शाबूत पोचले.
रेणुकानं ते काट्यावर ठेवून बघितले म्हणे.
काटा हलला नाही.

हल्ली झोप नाही लागली की मी एक विमान सोडतो,
सांब्र्याहून, सकाळी सहा दहा.
डबा मांडीवर.
पट्टा लावेस्तोवर मार्कंडेय गेली,
कंडक्टरला खिडकीची जागा दिलीय,
तो खाली बघूलालाय, नाका शोधूलालाय,
सापडेना त्याला.

मनातले मांडे, मलप्रभा कुशीवर वळत म्हणते.
असू देत.
सातच्या सात शाबूत आहेत.