पस्तीस चिठ्ठ्या

परसोडीच्या आयटी पार्कात, रात्री साडेअकराला,
डेटाबेसने मला नाही म्हटलं.
चिडून नाही. एका ओळीत,
खिडकी बंद करता करता बाबू बोलतो तसं:
दोन समांतर याद्यांची मिळून सूची होत नाही.

मी काय फार मागितलं होतं?
कळमन्याच्या आडत्यांची नोंद.
प्रत्येकाच्या नावापुढे गावांची यादी,
काटोल, नरखेड, वरूड, सावनेर, कळमेश्वर,
आणि दुसरी मालाची:
आंबिया, मृग, मोठा दाणा, बारीक, डागी, गळ, ज्यूसचा.
कोणी विचारावं, नरखेडचा मृग कोणाकडे,
आणि बोट बरोबर त्या ओटल्यावर पडावं.

एक यादी दे, म्हणतं ते, खुशाल दे.
गावं दिलीस तर पाच चिठ्ठ्या लावीन,
माल दिलास तर सात.
दोन्ही एकदम दिल्यास तर
प्रत्येक गावाची प्रत्येक मालाशी गाठ घालावी लागेल,
पाच सत्ते पस्तीस,
एकट्या बोकड्यांच्या नावाने पस्तीस चिठ्ठ्या.
उद्या तू चाळीस हमालांचीही यादी आणशील.
मग चौदाशे.

फरहीन खुर्ची मागे रेलून म्हणाली,
हिशेबाचा पक्का आहे गं तो,
आपल्यासारखा हो म्हणून मग फसत नाही.
आणि डबा उघडून बसली.

मी ऐकलं नाही.
सूचीत फक्त गावं घेतली, माल बाहेर ठेवला,
शोध हळू चालला, पण चालला.
गुरुवारी रायपूरचा ट्रक रात्रभर धावून आला
कळमेश्वरचा मृग घ्यायला.
पडद्यावर स्पष्ट होतं: बोकडे यांच्याकडे कळमेश्वर आहे,
बोकडे यांच्याकडे मृग आहे.
होतंही. कळमेश्वरचा होता गळ,
मृग होता वरूडचा, तोही सोमवारीच उठलेला.
दोन्ही शब्द खरे. जोडी खोटी.

ट्रकवाल्याने मला काही म्हटलं नाही,
टायरवर पाणी मारत राहिला.

दिवाणजी शालिकराम चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
मॅडम, तुम्ही गावं अलग लिहून राहिल्या, माल अलग,
मंग कोणचा माल कोणच्या गावचा
हे कोण सांगन? मशीन?
आणि बही माझ्याकडे फिरवली.
नरखेड, मृग, डागी, बावीस क्रेट.
वरूड, मृग, मोठा, साठ.
एक ओळ, एक ढीग.
चाळीस वर्षांत त्यांनी दोन याद्या केल्याच नव्हत्या,
म्हणून त्या जुळवायची वेळही आली नव्हती.

रात्री मी दोन्ही याद्या मोडल्या.
गाव आणि माल एकाच कप्प्यात, जोडीने,
आणि त्या कप्प्यांची एकच यादी.
सूची अकरा सेकंदांत तयार झाली.
मला थोडा अपमान वाटला.

जुन्या नोंदींचं मात्र काही करता आलं नाही.
दोन हजार आडत्यांची गावं आहेत, माल आहे,
कोणाचं कोण, ते कुठेच लिहिलेलं नाही.
शालिकरामांना विचारत बसले आहे एकेक,
सांगतात, चहा पितात, कधी नुसतीच मान हलवतात.

बाहेर गेटपाशी एक पोरगी
गाड्यांखालची संत्री वेचून पोत्यावर मांडते,
दहाला पाच.
कुठली गं, विचारलं मी सवयीने.
खालची, म्हणाली.