कंदील आधी

हरिपूरच्या पेवाचं तोंड उघडलं
तरी दस्तगीर नदाफ लगेच उतरत नसे.
कडेला बसायचा विडी ओढत,
आतली कोंडलेली हवा पुरती वर येऊ द्यायचा,
मग सुंभाला बांधून कंदील सोडायचा खाली,
माणसाआधी.
ज्योत तगली तर माणूस.
विझली तर दोर वर, आणि दुसरी विडी.

मी तेव्हा अडतीवर पट्ट्या लिहायला नवी.
आता तिथेच, मार्केट यार्डात, वरच्या मजल्यावर,
तीन कॉम्प्युटर, एक कण्हणारा पंखा
आणि कीबोर्डच्या फटींत हळद.
एंटर दाबला की बोट पिवळं.

सोमवारी शेठनी एक प्रोग्राम उतरवून आणला.
"फुकट आहे. राजापुरीचा उद्याचा दर आजच सांगतो."
म्हटलं, ठेवा. बघते.
"बघायचंय काय त्यात? खाली सही आहे की, कुपवाडच्या कंपनीची."

सही आहे.
पोत्यावर शिक्का असतो तशी.
शिक्का सांगतो पोतं कुणाचं,
वाटेत शिवण उसवली नाही, एवढंही सांगतो.
आत हळकुंड आहे की खडे
ते पोतं फोडल्याशिवाय कळत नाही.

म्हणून त्याला एक खोली दिली.
भिंती माझ्या, दार माझं, खिडकी नाही.
उंबऱ्यावरच यंत्राने त्याची ओळन्‌ओळ चाचपली:
आकडा दाखवून पत्ता तर खपवत नाहीस?
नेमल्या जागेबाहेर हात तर घालत नाहीस?
नाही ना? मग ये.
पडद्याचा हा कोपरा तुझा. एवढी मेमरी.
डिस्क? नाही.
नेट? दराचा एकच पत्ता.
प्रिंटर... तुला प्रिंटर कशाला?

तीन दिवस शहाण्यासारखा वागला.
दर सांगितले, काही तर खरेही निघाले.
शेठ चहा सांगताना असे बघायचे माझ्याकडे,
जसं काही पाहुण्याला पायरीवरच बसवलंय मी.

गुरुवारी दुपारी, सौदे ऐन रंगात,
त्याने हळूच आतून दार वाजवलं:
खातेवही वाचू?
दराला खातेवही कशाला लागते रे?
खोलीने हे विचारलंही नाही. नुसतं म्हणाली,
परवानगी नाही.
तो तिथेच पडला. पडद्यावर चार लाल ओळी.
बाकी पंखा, हमालांच्या हाका, तोलाचा काटा, सगळं चालू.

चोर होता, की कुणा पोराची आळशी चूक,
अजून ठाऊक नाही.
कंदील तरी कुठे सांगायचा
खाली कसला वायू आहे ते.

"मग आता निर्धास्त?" शेठ म्हणाले.
मी हो म्हणणार होते.
पण ती खोलीही कुणीतरी लिहिलेलीच आहे.
वर्षातून दोनदा तिच्या भिंतीत फट निघते,
आणि मी ती लिंपते दुसऱ्याने पाठवलेल्या मातीने,
जिच्यावर सही असते.

दस्तगीरला एकदा विचारलं होतं,
ज्योत तगली, उतरलास. पुढे?
कंबरेला दोर आवळत म्हणाला,
"पुढे वरच्याचं काम.
बोलत राहायचं माझ्याशी.
मी ओ द्यायचा थांबलो, की ओढायचं."