पट्टा चढवण्याआधी

काजूचा मोहर उन्हात करपल्यासारखा वास सोडतो तेव्हा
मी ताडपत्रीच्या दोऱ्या सोडतो.
मिरगाच्या आदल्या दिवशी झाकलेलं यंत्र,
म्हाऊसच्या शाळेमागच्या पत्र्याखाली.
आधी वासच बाहेर येतो:
गेल्या वर्षीच्या फणसाचा, आंबूस, पिवळा,
मागून पेट्रोलचा, मग उंदरांचा.

उंदरीण एअर फिल्टरात बाळंत झालेली.
गादीला कापूस आणि कातरलेली लॉटरीची तिकिटं,
एकावर अजून अर्धा आकडा शाबूत.
सायलेन्सरच्या तोंडाशी कुंभारमाशीने
मातीची चार मडकी लिंपलीत.
ती मी लगेच फोडत नाही.
चहा पिऊन येतो.
मग फोडतो.

रुळांवरचा गंज रॉकेल आणि नारळाच्या सोडणाने
घासता घासता दुपार होते.
रूळ पातळीत बसवायचे तर
पाण्याची नळी दोन टोकांना दोन माणसांनी धरायची असते.
मी या टोकाला पाणी बघतो, त्या टोकाला पळतो,
तोवर इथलं हललेलं.

मिंगेल नाताळाआधी गेला.
पोर्तुगालचा पासपोर्ट, विलायतेतलं गोदाम,
रात्रपाळीला पार्सलं निवडायची.
बारा हंगाम तो पट्ट्याच्या त्या बाजूला होता
आणि मी या. आमच्या मधून
अर्ध्या सत्तरीचे फणस, आंबे, किंदळ फळ्या होऊन गेले.

जाताना इंजिनाच्या झाकणावर
निळ्या रंगाने काहीतरी लिहून ठेवलंय.
रोमी अक्षरं. मी मराठी शाळेतला,
मला त्यात नुसत्या अळ्या दिसतात.
शेजारच्या गावसांची सुलक्षा सायकल टाकून येते,
ओठ हलवत वाचते:
"दाव्या बोल्टाक दोन आटे. चड नाकात.
पट्टो रडूंक लागल्यार उदक सोड."
आणि खाली, रंग संपत आल्यावर, बारीक:
"बोटां मेज."

मग तीच नळीचं दुसरं टोक धरते.

आमचा भिमोकाका हातकरवतीच्या काळातला.
ओंडका घोडीवर, एक माणूस वर, एक खाली.
काका खालचा.
साठीतही आभाळाकडे बघताना
तो डोळे बारीक करायचा, भुसा येईल म्हणून.
त्याची बोटं साडेआठ होती.
अर्ध्या बोटाने तो पट्ट्याचे दात तपासायला शिकवायचा:
एक डावीकडे झुकलेला, एक उजवीकडे, एक सरळ.
सरळ दात कापत नाही फारसं, तो म्हणायचा,
दोघांनी कापलेलं बाहेर काढतो.
मला वाटायचं हे तो कुणाबद्दल तरी बोलतोय.
दाताबद्दलच बोलत होता.

परवाने पिशवीत आहेत. कोपार्ड्याचा देवळामागचा आंबा,
आंजेलिनबाईंचा फणस, श्रावणातल्या वाऱ्यात
गोठ्यावर आडवा झालेला,
बुंध्यावर वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का.
शिगम्याच्या आत दोन्ही उभे चिरून हवेत म्हणतात.
मांडावर संध्याकाळचे ढोल तापवणं सुरू झालंय.

पट्टा चढवतो. सुलक्षाला लांब उभी करतो,
मोगरीच्या मागे.
दोर तीनदा ओढला, चौथ्यांदा इंजिन खोकतं,
राहिलेल्या मडक्याची माती थुंकतं,
लागतं.

चाचणीला बाभळीचा वाकडा तुकडा.
पट्टा आत शिरतो, मध्यावर रडतो, मी पाणी सोडतो.
फळी सुटून पडते
आणि जमिनीवर सपाट बसत नाही,
पागोळीखालच्या मातीसारखी लाटालाटांची.
दोन आटे मी मोजून दिले होते.
पण त्याचा आटा आणि माझा आटा,
त्याचं मनगट आणि माझं.

इंजिन बंद.
कानात अजून ते चालूच.
सुलक्षा येऊन आधी माझे हात उलटेसुलटे बघते.
दहा, म्हणते,
आणि फळी उचलून नेते, कोंबड्यांना चढायला.

मी पाना घेतो.
डावा बोल्ट. अजून पाव आटा.
नाही, पावाहून थोडा कमी.