तीनशे मीटर

कुलथे डॉक्टरांचं नवं घड्याळ,
पाचशेतलं एकशे सत्त्याऐंशीवं.
पाठीवर कोरलेला पाणबुड्या, त्याखाली : ३०० मीटर.
कुठल्याशा आरमाराची माणसं म्हणे
असलंच बांधून काळोखात सुरुंग चाचपायची.

मेन रोडला, पोटमाळ्यावरच्या दुकानात
दाबाच्या यंत्रात, वाटीभर पाण्यात
मी ते सोडतो.
एक बुडबुडा नाही.
डॉक्टर तेवढा वेळ श्वास धरून.
मग फडक्यात, डबीत, तिजोरीत.
हात धुतानाही काढून ठेवतात.

आमच्या गावाची मापं निराळी :
पाणी दुतोंड्याच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला.
पुढचं कोणी विचारत नाही.

दिवेलागणीला भिका लिलके आला, रामकुंडावरचा,
डोळे लाल, कानात अजून पाणी.
गाळातून काढलेलं एचएमटी, चार-वीसला थांबलेलं.
‘चालू नका करू. पट्टा तेवढा बसवा,
घरचे ओळखायला येणारेत.’

पट्टा ओवता ओवता विचारलं,
खाली किती वेळ राहतोस रे?
‘घड्याळ कुठलं? मोजतो.
शंभरला वर यायचं.’
मग मान खाली घालून,
‘कधीकधी नव्वदनंतर
परत नव्वदच येतं.’